सुबक गुंडाळलेली टेप

शनिवार, संध्याकाळ

दोनदा हात धुतले तरी ऑइलचा वास जात नाही. डोकंही थंड व्हायला तयार नाही.

आम्ही दोघा भावांनी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाचा तिसरा सिलिंडर पहिल्यापासून जास्त तापतो. आज कळमेश्वरच्या शेडमध्ये इंजिन चालवलं, तर त्याच्या तापमानाचा काटा दोन नंबरच्या बरोबरीनं हिरव्यातच राहिला. मला मूर्खाला आधी आनंदच झाला. मग कव्हर उघडलं. भाऊनं तिसऱ्याचा तापमान सेन्सर काढून तोही दोन नंबरच्याच सिलिंडरवर बसवला होता. तार मागून फिरवलेली, आणि तिच्यावर काळी टेप, किती सुबक गुंडाळलेली! घाईत चूक झाली असं म्हणावं, तर ती टेप म्हणू देत नाही.

"हे काहून केलं गा भाऊ?"

"उद्या पाहुणे येऊन राहिले. त्यांच्यासमोर काटा लालमध्ये गेला तं बरं दिसते का? मंग लावून देऊ जागेवर."

उद्या पहिलं उड्डाण. विमान उडवणार मी. सख्ख्या भावाला हे माहीत नव्हतं का? टेप गुंडाळताना एकदाही मनात आलं नसेल? इतकी सुबक टेप, म्हणजे विचार करायला वेळ तर होता.

मी म्हटलं, "ठीक आहे, राहू दे असंच. उद्या माह्या मागच्या सीटवर तू बस."

भाऊ टेपचं रीळ खिशात टाकत म्हणाला, "खाली पाहुण्यांजवळ कोणी तं पाहिजे ना."