चिंचेने घासलेला क्रॉयत्सर

बाबा, ते जर्मन नाणं आता माझ्याकडे आहे. ताईने गेल्या आठवड्यात दिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते हातात घेतल्यावर आधी तिचाच राग आला.

हिंगणघाटला तुम्ही कापसाच्या जिनिंगमधून घरी आलात की चहानंतर तुमचा नाण्यांचा डबा निघायचा. त्यातलाच हा क्रॉयत्सर, नखाएवढा आणि तसाच पातळ. चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या छोट्या संस्थानांतले राजे लढाईचा खर्च भागवायला चांदीत तांबं ढकलत गेले आणि असली नाणी लोकांच्या गळ्यात मारत गेले, हे मला तोंडपाठ होतं. विचारल्याशिवाय मी डब्याला कधी हात लावला नाही. ताईला त्यात काडीचा रस नव्हता. अजून दिसतं: एका दिवाळीच्या आधी ती स्वयंपाकघरात देव घासायला बसली आहे, आणि त्यांच्यासोबत डब्यातलं हे काळं नाणंही चिंच-मीठ लावून पांढरंशुभ्र करून टाकते आहे. मी दारात उभी. काळेपणा घालवला की जुन्या नाण्याची किंमत जाते, हे तुम्हीच शिकवलेलं. आता हिला चांगली बोलणी बसणार म्हणून मी मनातून खूश होते.

"काऊन घासलं वं बाई?" तुम्ही म्हणालात आणि हसतच सुटलात. "अवं, टांकसाळीतले लोकंही हेच करत. आंबट अन् मिठात उकळलं का वरचं तांबं निघून जाते, नुसती चांदी दिसते. तुले कोणं शिकवलं? ठेव आता तुलेच." टांकसाळीचं ते मलाही माहीत होतं, बाबा. मला कोणी विचारलं नाही.

ताईने ते वर्ध्याला सासरी नेलं, देवघरात लक्ष्मीशेजारी ठेवलं आणि दर दिवाळीला घासलं. चांदीचा पापुद्रा कधीच गेला. "ने ना वं, मले काय कराचं हाय त्याचं?" म्हणाली. इतक्या सहज देऊन टाकलं, तेही मला खुपलं.

आज दुपारी सावंगीच्या माझ्या क्वार्टरमध्ये एकटी असताना मी चिंच भिजवली. तुम्हाला न विचारता. पांढरं होणार नाही हे मला ठाऊक होतंच. घासून घासून ते तांब्याच्या गडव्यासारखं लाल झालं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. नाणं धुऊन झाल्यावर मी नळ बंद केला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. तुमचं ते हसू ऐकू येईल म्हणून.