मापलेली झाडं

५ नोव्हेंबर
झाईहून एसटीने उधव्याला नातीकडे आले. हेमालीला इथे नोकरी लागलीय, मग काय, माझे पाय जमिनीवर नाहीत. पिशवीत सुके बोंबील. कंडक्टर वाटभर नाक मुरडत होता, अन् उतरताना विचारतो कसा, घरचे का? माझी शाळा चौथीपर्यंत, पण हेमाली म्हणते रोज चार ओळी लिही, हात वळेल. तिचं काम मजेचं. उपग्रह आभाळातून रानाचे फोटो काढतो, रान कुठे घटलं ते ही बघते. मग रानात जाऊन झाडांना टेप गुंडाळते. घेरावरून म्हणे झाडाच्या पोटात कार्बन किती साठलाय ते कळतं. आता झाडांचीही पोटं मोजतात बाई.

९ नोव्हेंबर
आज मीही रानात गेले. साग, ऐन, खैर. टेपचं टोक मी धरलं. शेजारची जिवली लाकडं वेचत होती. ती म्हणाली, "जित्याचं माप नाय घ्यावं बाय. माप तिरडीसाठी घेतात." आमच्याकडेही म्हणतात तसं, पण मी हसले. घरी त्याच टेपने हेमालीच्या ब्लाउजचं माप घेतलं. छाती, कंबर, दंड. पोरगी वाळलीय.

१४ नोव्हेंबर
नवा फोटो आला. आम्ही मापली तेवढीच झाडं गायब. धावत गेलो. ना बुंधा, ना भुसा, नुसती सपाट माती. हेमालीने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, घट लवकर पकडलीस, शाबास, आता पुढची मापा. रान गेलं, वर शाबासकी. जिवली थुंकली फक्त.

१६ नोव्हेंबर
ब्लाउज शिवून झाला. सकाळी मापात होता. दुपारी दंडाला सैल. टाके मारले. संध्याकाळी पुन्हा सैल — पोरगी आत कमी होतेय. हात धरला तर माझीच बोटं माझ्या तळव्याला लागली.

१७ नोव्हेंबर
जिवलीकडे गेले. पाया पडले. ती म्हणाली, दिलेलं माप परत मिळत नाही, बदली दुसऱ्याचं देता येतं —

१८ नोव्हेंबर
टेप माझ्या छातीला गुंडाळली. म्हटलं, म्हातारी घे, पोर सोड. ब्लाउज बसला तिला. दंडालाही.
आता घरभर हाका मारतेय, आजी, कुठे गेलीस. अगं, तुझ्या पुढ्यात तर —
साहेबांचा फोन. हो सर म्हणाली. टेप उचलली. हेमाली, ठेव ती, ऐक ना, खाली ठेव, साहेबांना सांग, आजी म्हणते —