खळे, होडी आणि खाडीच्या मुखाबाबत माझी शेवटची इच्छा

मी, जमना वामन पागधरे, वय वर्षे बहात्तर, धंदा मासळी सुकवणे व विकणे, राहणार शिरगाव, तालुका पालघर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भुलवण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र सांगत आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘स्मरणशक्ती उत्तम’ असे आहे, ते माझे दीर देवू यांनी जरूर वाचावे. मजकूर वकिलांनी टाईप केला. बोलणे लांबले तरी मी काही गाळू दिलेले नाही.

१. घर. दोन खोल्यांचे, कौलारू, माझे पती कै. वामन यांनी बांधलेले व आता माझ्या नावे असलेले. चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, दक्षिणेस देवू यांचे घर, उत्तरेस विहीर, पश्चिमेस गावाचे बोंबील सुकवण्याचे खळे.

ही पश्चिमेची सीमा कागदावर यायला तीन वर्षे लागली, म्हणून खुलासा करते. किनाऱ्याच्या सरकारी आराखड्याचा कच्चा नकाशा पंचायतीत लागला, त्यात आमचे खळे नव्हते. त्या जागी ‘मोकळी जागा’ लिहिले होते. पाहणीला माणसे आली ती भर पावसात. तेव्हा बोंबील टांगायच्या दांड्या आम्ही काढून ठेवलेल्या असतात. मोकळी जागा म्हटली की उद्या तिथे हॉटेल. चाळीस बायकांचे पोट त्या खळ्यावर. देवू तेव्हा मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, “वयनी, कागदावर नाय म्हणून जमीन कुटं पळून जातेय? तुमी बोंबील बगा.”

आम्ही बोंबीलही बघितले आणि कागदही. बोईसरच्या कारखान्यात कामाला असलेले झुंबर, त्यांची मुलगी उत्कर्षा मोजणीचे शिकलेली; आमच्याकडे मासळी घ्यायला यायची. मोबाईलवर जागा कशी टिपायची हे तिने माझ्या मुलीला, हेमालीला शिकवले. बारा महिने, दर पुनवेला आणि अवसेला, आम्ही बायका दोरी घेऊन किनारा चाललो. भरती कुठवर येते, होड्या कुठे ओढतात, खडकांवर खायची कालवे कुठे निघतात, खळे कुठून कुठवर. महिन्याचा एक, असे बारा कागद झाले.

नकाशावरच्या हरकतींच्या सुनावणीत साहेब म्हणाले, “आजी, थोडक्यात सांगा.”

मी म्हणाले, “बारा महिने थोडक्यात कसे सांगू, साहेब? तुमची मानसं एकदाच आली, तीपन पावसात. आमी रोज तितंच हाव.”

कागद पसरले तर टेबल पुरेना. साहेब उठून उभे राहिले आणि उभ्यानेच बाराही वाचले. पुढच्या महिन्यात फेरमोजणी झाली. पक्क्या नकाशात छापून आले : ‘मासे सुकवण्याची जागा’. तो नकाशा आम्ही नवरदेवासारखा वाजतगाजत आळीतून फिरवला. हे घर हेमालीस.

२. होडी, इंजिनासह, मुलगा धर्मेश यास. नकाशा झाल्यावर गावाने आपला नियमही केला : श्रावण-भाद्रपदात खाडीच्या मुखाशी जाळे नाही, आणि पिल्लेही न सोडणारे बारीक जाळे कायमचे बंद. सभेत पहिला हात माझा होता. आणि नियम मोडून लागलेले पहिले जाळे धर्मेशचे निघाले.

“आये, पोटच्या पोराचं जालं काडतेस?”

“दुसऱ्याच्या पोराचं काडायला मंग तोंड कुटून आनू?”

कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते मी स्वतः ओढले. दोन वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. सणाला डबा पाठवायचे, तो परत यायचा. तिसऱ्या वर्षी बंदीचे दोन महिने सरल्यावर त्याने दारात टोपली आणून ठेवली. कोळंबी, एकेक माझ्या वितीएवढी. म्हणाला, “आये, तुजंच खरं.” मी रडले. वकील म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा. होडीला अट घालावी असेही ते म्हणाले, तीही नको. खाडीवरच्या गस्तीत धर्मेशने आपले नाव स्वतः दिले आहे.

३. सोन्याची पोत सून सलोनी हिला. परत आलेले ते डबे तीच आणायची, आणि प्रत्येकात नवऱ्याच्या नकळत दोन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, ठेवलेल्या असायच्या.

४. पक्क्या नकाशाची काचेची फ्रेम देवू यांस. फेरमोजणीच्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितले, “हे सगलं आमी केलं.” त्या ‘आमी’त ते कुठे होते, हे त्यांनी रोज नकाशात शोधावे. माझा राग संपला आहे, हेही नोंदवते.

५. गावाचा नियम राखणाऱ्या किनारा समितीतील माझी जागा ही माझी मिळकत नाही. ती कोणाला द्यायची हे ग्रामसभा ठरवील. निम्म्या बायका हव्यात, एवढे बोलायचा हक्क मी राखून ठेवते.

६. मृत्यू बोंबलाच्या हंगामात आल्यास माझी तिरडी खळ्यातून नेऊ नये. भरलेल्या दांड्या मोडतील. रस्त्याने वळसा घालून न्यावी. खळ्यावरच्या बायकांनी हात धुऊन यायची घाई करू नये. मासळी उलटून झाली की मग यावे. मी थांबेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : जमना वामन पागधरे

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली :
१) उत्कर्षा झुंबर शेळके, बोईसर
२) बन्सी गोविंद तांडेल, शिरगाव

ठिकाण : शिरगाव
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५