त्याच पेपरात

३ फेब्रुवारी १९६१
आज पुन्हा भैयालालजी मागे लागले — "पंजाबराव, हवालात वाला किस्सा और लिखो, मिर्च डाल के!" संपादक तेच, मालकही तेच. माझ्या किश्शांवर यांचं साप्ताहिक खपतं. खपणारच! ठेकेदाराच्या गोदामातली तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून धरलेला माणूस स्वतः लिहितो ना. पोलिसांनी पुराव्याअभावी सोडलं. पण ‘चोर पकडा गया’ म्हणून माझं नाव छापलं याच पेपरने, आणि मग नोकरीवर ठेवलं तेही यानेच. थू!

९ फेब्रुवारी
तुमसरकडून जो येतो तो सासऱ्यांचा तोच निरोप आणतो. "ज्या पेपरात चोर छापला, त्याच पेपरात निर्दोष छापा. मंग पोरगी पाठवतो." त्यांच्या गावात मास्तर हा पेपर पारावर मोठ्याने वाचतो. माझं नाव दोनदा वाचलं म्हणे — मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नव्हतं! पंचफुला तेव्हापासून माहेरीच. तीन वर्षं झाली.

१७ फेब्रुवारी
धोंडबा सापडला! गोदामाचा चौकीदार! भंगारवाल्या अहिवाऱ्याला तार विकताना धरला, जुनी चोरीही कबूल केली. ठाण्यातून धावतच प्रेसवर आलो. भैयालालजी चहा पीत होते. म्हणाले, "धोंडबा की खबर छापो. अपना नाम मत डालना. तुम निर्दोष हो गए तो किस्सा कौन पढ़ेगा?"
बशी त्यांच्या तोंडावर मारावीशी वाटली. मारली नाही.

१८ फेब्रुवारी
नाव घातलंच. खिळे जुळवणारा बाबुलाल माझ्या बाजूचा. दोन ओळी, ठळक.

२६ फेब्रुवारी
मास्तरने वाचलं. अख्खा पार हसला म्हणे! सासरे म्हणाले, "जवाई त्याच पेपरात नोकर. सोताचं सोतानंच छापून घेतलं!"
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? इकडे भैयालालजींनीही मला नोकरीवरून काढून टाकलं. आग लागो त्या पेपरला.

४ मार्च
सकाळी दारात पंचफुला. एकटी, पॅसेंजरने आलेली, काखेत गाठोडं. मी येडा — आधी पेपरच पुढे केला! तिने पाहिलाही नाही.
"तुमाले हसले सारे, म्हून आली. पेपर मले कुठं वाचता येते! तुमी एकडाव मले घ्याले आले असते, तं तवाच निघाली असती."