स्लो एअरचा डावा पाय

शनिवार, २२ मार्च

सकाळी सरावात स्लो एअर पडला. मॅलकी डन्फीच्या मैदानावरचा चौथा अडथळा, उताराकडचा. उडी चांगली होती. उतरताना पुढचे पाय घसरले. ग्रानिया त्याच्या मानेवरून पुढे फेकली गेली. मी कुंपणापाशी चहा घेत उभी होते. कप टाकला आणि धावले.

जनावरांची डॉक्टर मी; आधी घोड्याचे चारी पाय चाचपले. खूर, घोटे, सांधे. पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्यामागून खाली उतरणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवर, किंचित ऊब. बोटाच्या पेराएवढी. असेलही, नसेलही.

ग्रानिया उठून उभी होती. चिखल झटकत होती, हसत होती. "त्याला बघ आई. मी कुठे पळून जाते आहे?"

मॅलकीचा रंग उतरला होता. तबेला त्याचा, घोड्याची तयारी त्याची. "डॉक्टरबाई, हा लंगडला तर मला रातोरात गाव सोडावं लागेल." हसून म्हणाला, पण हसू टिकलं नाही.

ग्रँड नॅशनलला, लिव्हरपूलच्या अडथळ्यांच्या मोठ्या शर्यतीला, चौदा दिवस.

रविवार, २३ मार्च

जेवताना फिंटनने तीनदा विचारलं, पाय कसा आहे. हा नवरा गेल्या तीस वर्षांत माझ्या एकाही जनावराची चौकशी न केलेला.

त्याचं कारण मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. नोव्हेंबरात चाळीस घरांनी प्रत्येकी तीनशे युरो काढले आणि फिंटनच्या हातात दिले — दूधसंघाचा निवृत्त व्यवस्थापक, गावात पैशाच्या बाबतीत दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. तो अकरा गावांतल्या पैजेच्या अकरा दुकानांत जाऊन स्लो एअरवर थोडे थोडे लावून आला. तेव्हा भाव होता, जिंकला तर एका युरोला सहासष्ट. आता एकाला नऊ. इतक्या आधी लावलेल्या पैजेचा नियम कडक असतो: घोडा सुरुवातीच्या रेषेवर आलाच नाही, तर पैसे गेले. परत मिळत नाहीत.

आणि हा घोडा ग्रानियाशिवाय पळत नाही. डिसेंबरात ती तापाने पडली म्हणून दुसरा स्वार बसवला, तर पहिल्याच अडथळ्यापुढे खांबासारखा उभा राहिला. सगळ्या देशाने बघितलं.

म्हणजे वर माझी मुलगी आणि खाली माझा हात. मी पाय नापास केला तर चाळीस घरं तोंड फिरवतील. ते चालेल. पण मी चुकून पास केला आणि ती कंडरा भर वेगात उतरताना तुटली, तर घोडा खाली, त्याच्याखाली ग्रानिया, आणि मागून तीस घोडे. हे मी अठ्ठ्याऐंशी साली एकदा पाहिलं आहे. मुलगा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आईला निरोप मीच दिला होता.

सोमवार, २४ मार्च

सात वाजता तबेल्यात. ऊब नाही.

मंगळवार, २५ मार्च

सात वाजता. ऊब नाही. पाय थंड. आजूबाजूच्या घोड्यांपेक्षा जरा जास्तच थंड वाटला. त्याच्या बाजूची गवताची गादी ओली होती. तबेल्यात काम करणारे म्हणाले, बादली लवंडली.

बुधवार, २६ मार्च

डेलियाच्या दुकानात पाव आणायला गेले. आत पाच-सहा जण बोलत होते. मी शिरले आणि बोलणं थांबलं.

"काय डॉक्टरबाई, आमचे जावईबापू काय म्हणतात?" डेलियाने विचारलं. घोड्याला ती जावईच म्हणते.

"पाय थंड आहे."

"थंडच राहू दे बाई. माझं नवं छप्पर उभं आहे त्या पायावर." सगळे हसले, जरा मोठ्याने. मग तिने सफरचंदाचा केक बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. "ग्रानियाला दे. तिला म्हणावं, जरा स्वतःला—" कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. डेलिया काउंटर पुसायला लागली. काउंटर स्वच्छ होता.

डेलिया कधी कुणाला काही फुकट देत नाही. केक चांगला होता. मी खाल्ला नाही.

शुक्रवार, २८ मार्च

फिंटनच्या गाडीची डिकी उघडली — मला दोर हवा होता. आत पाणी साचलेलं आणि बर्फाच्या सहा रिकाम्या पिशव्या.

"हे काय?"

"मासे आणायला गेलो होतो. शुक्रवार आहे ना, उपासाचा."

"मासे कुठे आहेत?"

"मिळाले नाहीत."

"आणि सहा पिशव्या बर्फ मिळाला?"

"एथना, तू घरी आहेस. तबेल्यात नाहीस." आणि पेपर उघडला. उलटा नव्हता, पण वाचतही नव्हता.

आता कळलं. घोड्याचा पाय तासभर बर्फात ठेवला की ऊब निघून जाते. ही लबाडी जुनी आहे, माझ्या पहिल्या नोकरीत पहिल्या महिन्यात मला शिकवली गेली. आणि मी रोज सात म्हणजे सातलाच जाते. घड्याळ लावून फसवावं अशी बाई! पाय वाईट आहे. माझ्यापासून लपवत आहेत. माझा नवरा बर्फ पुरवतो आहे — आणि त्या घोड्यावर त्याची स्वतःची मुलगी बसणार आहे.

हा माणूस मी ओळखते असं मला वाटत होतं.

रविवार, ३० मार्च

मातृदिन. ग्रानियाने पिवळी फुलं आणली. जेवायला मटण भाजलं होतं. तिला म्हटलं, तू काप. "तूच काप आई. तुझ्यासारखे पातळ काप मला नाही जमत." सव्वीस वर्षांची झाली, अजून मटण कापता येत नाही. एका हाताने जेवत होती, दुसरा टेबलाखाली. मी रागावले. असं जेवायला तुला कुणी शिकवलं? फिंटन एकदम हवामानावर बोलायला लागला.

नंतर तिला अंगणात गाठलं. सरळ विचारलं, "स्लो एअरचा पाय वाईट आहे ना?"

"आई, मी बसते त्याच्यावर. वाईट असता तर बसले असते?"

"पैशासाठी माणसं काहीही करतात."

"मी पैसे लावलेले नाहीत. आम्हा स्वारांना परवानगीच नसते." थांबली. "मला एकदा ती शर्यत पळायची आहे. एकदाच. पुन्हा मला असा घोडा कोण देणार? मॅलकीकडे दुसरा नाही आणि मला दुसरं कुणी विचारत नाही."

डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. खोटं बोलताना ती नेहमी खाली बघते. आज नाही बघितलं. त्यानेच जास्त भीती वाटली.

मंगळवार, १ एप्रिल

आज सातला नाही, पावणेसहाला गेले. कुणाला सांगितलं नाही. गाडी रस्त्यावर ठेवून चालत.

स्लो एअरच्या खोलीत ग्रानिया गवतावर बसलेली. गुडघ्यांत बादली, बादलीत बर्फ. मला बघून ताडकन उठली, जाकीट ओढून घेतलं, तोंड पांढरं. मी वाकून घोड्याच्या पायाला हात लावला. कोरडा. अजून बुडवायला सुरुवात झाली नव्हती. वेळेवर पोचले.

बर्फ अंगणात ओतला. मॅलकी धावत आला. त्याला सांगितलं, आज याच्या पायाला कुणी पाण्याचा थेंब लावायचा नाही, उद्या मी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन येते.

"डॉक्टरबाई, माझ्या आईची शपथ घेतो. या घोड्याच्या पायाला कुणी बर्फ लावलेला नाही."

"तुझ्या आईला मी ओळखत होते मॅलकी. तिला यात आणू नकोस."

"तुम्ही घोड्याचं बघा ना. बाकीचं आम्ही बघतो."

ग्रानिया भिंतीला टेकली. हात खिशात घालून उभी होती.

बुधवार, २ एप्रिल

तपासलं. आधी अर्धा तास दुडक्या चालीने चालवलं, मग दोन तास कोरड्या खोलीत उभा ठेवला, दारात मी स्वतः खुर्ची टाकून बसले. पाय थंड. यंत्र लावलं. दोन्ही पाय, वरपासून खालपर्यंत, तीन वेळा. कंडरा एकसंध. तंतू सरळ, एक ठिपका नाही. बारा वर्षांच्या घोड्याचा असा पाय मी क्वचित पाहिला आहे.

म्हणजे मीच चुकले. बावीस तारखेची ऊब माझ्याच हाताची असावी, चहाच्या कपाची.

मॅलकीची माफी मागितली. ग्रानियाचीही. मला ते नीट जमत नाही, पण मागितली. मॅलकीला आनंद व्हायला हवा होता. त्याने फक्त टोपी काढली आणि परत घातली. ग्रानियाने मला एका हाताने जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"मग बर्फ कशाला?" मी विचारलं.

"खबरदारी, आई. सगळेच करतात."

कागदावर सही केली. घोडा शर्यतीस योग्य. परत येताना गाडीत मोठ्याने हसले, किती दिवसांनी. पण सुटल्यासारखं वाटत नाही. का, ते कळत नाही. चित्र स्वच्छ आहे. चित्र खोटं बोलत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

नाव पक्कं झालं. चौतीस घोडे. स्लो एअर, स्वार ग्रानिया. संध्याकाळी चर्चमध्ये गर्दी होती, गुरुवार असून.

शुक्रवार, ४ एप्रिल

बोटीने गेले. घोडा, मॅलकी, ग्रानिया, फिंटन. मी नाही — मेंढ्या विताहेत, दोन ठिकाणी अडल्या आहेत. ग्रानियाची बॅग फिंटनने उचलली, गाडीचं दारही त्यानेच उघडलं. लाडावून ठेवली आहे.

सारा गाव रस्त्यावर उभा होता. कुणी ओरडलं नाही. टोप्या काढून उभे होते, आपल्याकडे अंत्ययात्रा जाताना काढतात तशा.

शनिवार, ५ एप्रिल

विमानतळावर लिहिते आहे. रात्रीचं विमान मिळालं.

गावाच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. मी भिंतीशी उभी राहिले. डोळे त्या एका पायावर. पहिली फेरी नीट. दुसऱ्या फेरीत तो चौथा आला, मग तिसरा. सव्विसावा अडथळा — उडी लांब, उतरताना नाक जमिनीला लागेपर्यंत वाकला. पाय टिकला. मी बघितलं, पाय टिकला! तो सावरून वर आला आणि ग्रानिया नाही आली. लगाम तिच्या डाव्या हातातून सुटताना दिसला. हात नुसता उघडला, मुठीत काहीच नसल्यासारखा. ती डावीकडे गेली आणि मागचे तिच्यावरून गेले.

स्लो एअर मोकळा धावत राहिला. सगळ्यांच्या पुढे पोचला. कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबली. स्वाराशिवायचा घोडा मोजत नाहीत.

"पाय गेला का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पाय शाबूत आहे."

"मग हातच—" डेलिया म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी वळून पाहिलं. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. मग फोन वाजला.

रविवार, ६ एप्रिल. लिव्हरपूल

शुद्धीवर आहे. कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं, पाच तास शस्त्रक्रिया. पुन्हा चालेल का, ते आठवड्यानंतर सांगतील.

डॉक्टर तरुण आहे, सभ्य. त्याने शेवटी डाव्या मनगटाचा फोटो उजेडावर धरला. म्हणाला, ही मोड कालची नाही, दोन आठवडे जुनी आहे. रोज बर्फात ठेवून सूज दाबली असणार. अशा हाताने लगाम धरता येत नाही. घरी सरावात पडली असेल, ते कुणाच्या नोंदीत जात नाही, म्हणून शर्यतीच्या डॉक्टरांना कळलं नाही. "पण तुम्ही घरात होतात," तो म्हणाला.

फिंटन माझ्या शेजारी उभा होता. कुठल्या हाताची मोड, कधीची — त्याने एक प्रश्न विचारला नाही.