चिनीमाती दर्शन : आसनगाव ते मुरबाड

१ जानेवारी २००४, गुरुवार
नव्या वर्षाचा संकल्प : यंदा रागवायचं नाही. कोणावरही.
सकाळी दूधवाल्यावर रागावलो. तो राग धरायचा नाही. संकल्प चहानंतर सुरू होणार होता आणि दूधच आलं नव्हतं.
दुपारी केबलवर एक प्रोग्राम पाहिला. जर्मनीत म्हणे चिनीमातीचा एक अख्खा टुरिस्ट रस्ता आहे. जंगलातून, डोंगरातून जातो. वाटेत जुने कारखाने, म्युझियम, माणसाएवढ्या किटल्या. लोक गाड्या काढून नुसते कपबश्या बघत हिंडतात. मी ताडकन उठून बसलो. आसनगावजवळच्या चिनीमातीच्या कारखान्यात बावीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. आधी कपबश्या, मग बरण्या, शेवटी कमोड. कारखाना बंद पडला तेव्हा लोक रडले. मी चिडलो. अजून चिडलेलोच आहे. जंगल आपल्याकडे आहे, डोंगर आहेत, चिनीमाती आहे. कमी आहे ते डोकं, आणि ते माझ्याकडे आहे.
सरस्वतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गॅस संपलाय. बायको असावी तर अशी.

३ जानेवारी
रस्ता ठरला. आसनगाव, खर्डी, परत शहापूर, किन्हवली, सरळगाव आणि मुरबाडच्या अलीकडे आमचं गाव. नाव : चिनीमाती दर्शन. संस्थापक, गाइड आणि तज्ज्ञ : मी, भगीरथ.
मुकेशला सांगितलं. मुकेश वरच्या मजल्यावर राहतो, कल्याणला बँकेत आहे. अठरा वर्षांचा जिवलग मित्र. कारखाना गेला तेव्हा हा एकटा रोज संध्याकाळी येऊन बसायचा. बाकीचे म्हणायचे, भगीरथला आता कोण विचारतो. मुकेशने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, सव्वीस जानेवारीला सुट्टी आहे, घरच्यांना घेऊन एक ट्रायल करू. बरी वाटली तर बँकेच्या क्लबची सहल तुझ्याकडे लावतो.
अख्खी बस भरून माणसं! मग बघतोच कोण कोणाला विचारतो ते.

५ जानेवारी
थांबा पहिला, कारखाना. आमचाच वॉचमन, नामा, मला आत सोडेना. ज्याला मी दर दिवाळीला पहिल्या प्रतीच्या बश्या दिल्या तो माणूस! (बारीक तडा होता, पण बघितल्याशिवाय दिसत नव्हता.) म्हणाला, सायेब, ऑर्डर नाय. आन् आत हाय काय? साप हायेत नुसतं. मी म्हटलं, हेरिटेज आहे. तो म्हणाला, ते पन असंल, आमी नाय बघितला.
रागावलो नाही. फक्त जोरात बोललो.
उपाय सापडला. गेटबाहेर रिजेक्ट कमोडचा मोठा ढीग आहे, त्यावर छान वेली चढल्यात. ओपन एअर म्युझियम. जर्मनीत असं काही नसणार.

८ जानेवारी
थांबा दुसरा, खर्डी. रेल्वेलाइनच्या कडेने तारांचे जुने खांब आहेत, त्यांवर चिनीमातीचे पांढरेशुभ्र इन्सुलेटर. उन्हात काय चमकायचे! आज जाऊन पाहतो तर जवळजवळ सगळे फुटलेले. बेचकी घेऊन पाखरं मारणाऱ्या कार्ट्यांनी नेम धरून फोडले. एक शाबूत आहे, पण तो बघायला शेतात उतरून मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. शेतवाली ओरडली, वालात पाय नको घालू रे! वाल मोठा की वारसा मोठा?
या देशाचं काही होणार नाही.

११ जानेवारी
थांबा तिसरा, किन्हवलीच्या पुढे एका पाड्यातलं मारुतीचं देऊळ. लहानपणी मी स्वतः पाहिलेली जमीन : फुटक्या कपबश्यांचे तुकडे बसवून केलेली, निळी, हिरवी, गुलाबी फुलं. सगळ्या दौऱ्याचा हा कळस.
गेलो. नवीन गुळगुळीत टाइल्स. मागच्याच महिन्यात बसवल्या. एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, आता पाय टोचत नायत. मी इतका ओरडलो की त्याने मला प्रसाद दिला.
चालेल. टाइलसुद्धा मातीचीच असते. त्यात बसवून घेईन.

१७ जानेवारी
तिळगुळाचे दिवस. लोक गोड बोलायला येतात आणि कडू बोलून जातात. शेजारचे विचारत होते, कमोड बघायला तिकीट आहे का. मी दार लावून घेतलं. दार जोरात लागलं त्याला मी काय करू, बिजागरीच तशी आहे.
आता सगळी भिस्त शेवटच्या थांब्यावर, आमच्या घरावर.

१८ जानेवारी
गावी. पंढरीदादा आणि प्रेमावहिनी. लोणच्याची मोठी बरणी ओटीवर मांडून उघडून दाखवायची असं मी सांगितलं. वहिनी म्हणाली, भावजी, दहा मानसं त्यात डोकावली का बुरशी येल. बरनी नाय हलायची. तज्ज्ञ मी, आणि ऐकायचं कोणाचं, तर लोणच्याचं!
पण आज लॉटरी लागली. गोठ्यापाशी उभा होतो आणि एकदम आठवलं : वळचणीला खोचलेला तो कप! हात घातला. तिथेच! निळ्या काठाचा, इतक्या वर्षांच्या धुळीत. घरातलं कोणीही त्यातून प्यायचं नाही. आत आणायचं नाही, दुसऱ्या भांड्यांना लागू द्यायचं नाही. मी सात वर्षांचा असताना खेळायला काढला तर आईने पाठीत धपाटा घालून मला डोक्यावरून अंघोळ घातली होती. केवढी ती किंमत, केवढी ती निगा!
कपाला कान नाही. सामान्य माणूस म्हणेल तुटलाय. जुने चिनी कप बिनकानाचेच असतात हे मला माहीत आहे. कानाच्या जागी दोन खुंट आहेत ते डेकोरेशन.
वहिनी म्हणाली, भावजी, त्यो कप नका काढू. परत ठेवा. मी कारण विचारलं तर दादाकडे बघत आत निघून गेली. कळलं. किंमत समजल्यावर माणूस बदलतं. घरच्यांचं हे असं, म्हणून वारसा बुडतो.

२२ जानेवारी
कप चिंच आणि राख लावून घासला. अस्सल ग्लेझ, म्हणजे वरची काचेसारखी चकाकी. सरस्वतीला सांगितलं, हा कप म्हणजे आपलं माणसाएवढं किटलं समज. ती म्हणाली, किटली. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. मग भाजीत मीठ नव्हतं ते सांगायला परत सुरू केलं.

२५ जानेवारी
मुकेश म्हणाला, आई पण येतेय. त्याची आई जानकीबाई. माहेर मुरबाडकडचं, फार वर्षांत तिकडे गेल्या नाहीत म्हणून हौसेने निघाल्यात. मुरबाडकडे कुठलं गाव ते अठरा वर्षांत विचारायचं राहिलं. माणूस कामात असतो.
ठरवलं : सगळ्यात वडील पाहुण्या म्हणून त्या कपातला चहा जानकीबाईंना. मुकेश खूश होणार. क्लबची सहल पक्की.
उद्या काहीही झालं तरी चिडायचं नाही.

२६ जानेवारी, सकाळी
सुमो उशिरा आली. ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. मुकेश, त्याची बायको श्वेता, जानकीबाई, सरस्वती, मी. जानकीबाईंनी नवी साडी नेसलीय.

२६ जानेवारी, दुपार
कमोडवर कुत्री व्यायली आहे. जवळ जाऊ देईना. नामा गेटच्या आतून हसत होता.
खर्डीचा शेवटचा इन्सुलेटर कालपर्यंत होता म्हणे. आज नाही. श्वेता म्हणाली, खांब छान आहे.
देवळात टाइल्सवर सगळे बसले, डबे उघडले. जानकीबाई म्हणाल्या, गार वाटतं हितं. माझ्या तज्ज्ञ माहितीपेक्षा त्यांना टाइलचा गारवा आवडला. तरी मी गप्प बसलो. शेवटचा थांबा यायचाय.

२६ जानेवारी, संध्याकाळ
गावात शिरताना जानकीबाई खिडकीतून बघत होत्या, बोलत नव्हत्या. मला वाटलं दमल्या.
सगळ्यांना ओटीवर बसवलं. भाषण केलं. म्हटलं, हा कप आमच्या घराण्याने इतका जपला की घरातल्या कोणीही त्याला ओठ लावला नाही. घरातल्या भांड्यांत मिसळू दिला नाही. त्याला स्वतंत्र जागा होती. आज हा मान जानकीबाईंचा. वहिनी दारातून दोन्ही हातांनी नको नको करत होती. मी तिकडे बघितलंच नाही. स्वतः चहा ओतला.
जानकीबाईंनी कप फिरवून पाहिला. मला वाटलं नक्षी बघतायत. म्हणाल्या, ह्यो कप मला ठावं हाय रे भगीरथ. माझा बाप ह्यातनं च्या प्यायचा.
मी हसलो. म्हटलं, मावशी, कसं शक्य आहे, हा आमच्या घरचा.
म्हणाल्या, तुमच्याच घरचा. माझं माहेर ह्याच गावात, वेशीभायेर. बाप तुमच्याकडं लाकडं फोडायला यायचा, मी बारकी होते, संगती यायची. वरनं च्या ओतायचे, कपाला किटली लागू द्यायची नाय. पिऊन झाला का त्यानंच धुवायचा नि गोठ्याच्या वळचनीला खोचायचा. आमी महार. मंग घरातलं कोन त्याला तोंड लावील?
पंढरीदादा उठून गोठ्याकडे गेला.
जानकीबाईंनी कप खाली ठेवला, सावकाश, चहा सांडू न देता. वहिनीला म्हणाल्या, मला घरातल्या कपातनं दे गो. वहिनीने दिला. त्या प्यायल्या. मुकेश चहा न घेता गाडीत जाऊन बसला.
परत येताना मी सरळगाव दाखवलं, किन्हवली दाखवली. कोणी मान वळवली नाही.

२७ जानेवारी
प्रचंड संताप झालाय. मला कोणी सांगितलं होतं? वहिनीला माहीत होतं तर नीट तोंडाने सांगायचं, हात कसले हलवतेस? जानकीबाईंनी निघतानाच म्हणायचं होतं की माझं माहेर हेच. मी पाहुण्यांचा मान करायला गेलो तर मीच गुन्हेगार!
गावातल्या दुकानाच्या नंबरावर फोन करून दादाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, तुझ्या वहिनीने तो कप काल वरवंट्याने फोडला. मी म्हटलं, तसं ग्लेझ आता मिळत नाही. तो म्हणाला, तुला खरंच ठावं नव्हता? मी म्हटलं, मी सात वर्षांचा होतो. तो म्हणाला, आता पन्नाशीचा हायेस.
फोन आपटला.

३० जानेवारी
मुकेश चार दिवस आला नाही. आधी असं कधी झालं नव्हतं. आज जिन्यात गाठला. विचारलं, सहलीचं काय? म्हणाला, क्लब अलिबागला चाललाय. माझा तोल गेला. जिन्यात ओरडलो, मी काय मुद्दाम केलं का? तो म्हणाला, मुद्दाम केलं असतंस तर भांडलो असतो, भाऊ. आता काय करू ते मलाच कळत नाही. आणि वर निघून गेला. पिशवीतून कोथिंबीर सांडली होती, ती उचलायलाही थांबला नाही.
अलिबागला आहे काय? नुसतं पाणी.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
आज वर जाऊन स्पष्ट बोलणार. मुद्दे : एक, माझा हेतू चांगला होता. दोन, मी जातपात मानत नाही, नाहीतर अठरा वर्षं मैत्री ठेवली असती का? तीन, माझाही अपमान झालाय. आवाज चढवायचा नाही, पण दबकायचंही नाही.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेलो. मुकेश बाहेर गेला होता. जानकीबाई एकट्या. म्हणाल्या, ये रे, बस. च्या टाकते.
मी सवयीने म्हणालो, नको मावशी, ॲसिडिटी.
त्या ओट्याशीच थांबल्या. म्हणाल्या, अठरा वर्सं झाली तुझ्या ॲसिडिटीला. मुकेश तुमच्याकडं रोज च्या घेतो. तू हितं एकदा तरी घेतलास का?
मला खरंच ॲसिडिटी होते. कधी कधी. होळीला, मुकेशच्या बढतीला, श्वेताच्या ओटीभरणाला पण झाली होती बहुतेक. तो दुसरा मुद्दा होता तो मला मांडताच आला नाही. पहिलाही नाही.
त्यांनी चहा आणला. मला एक कप, त्यांना एक कप, दोन्ही सारखेच. मी प्यायलो. त्यांनी गावातल्या आंब्याच्या झाडाचं विचारलं. आहे म्हटलं.
प्यायल्यावर काय झालं कोण जाणे, मी कप घेऊन उठलो आणि मोरीकडे निघालो. धुवायला. जानकीबाईंनी माझ्या हातातून कप काढून घेतला. म्हणाल्या, ठेव. आमच्यात पावनं कप धूत नायत.
खाली आलो. सरस्वती म्हणाली, चहा टाकू? म्हटलं नको, मुकेशकडे झाला. ती माझ्याकडे बघतच राहिली.