मागचं चाक

४ मार्च, सोमवार

पंक्चरवाल्याने मोटारसायकलच्या पुढच्या रिमवर ओरखडा पाडला त्याला दोन वर्षं झाली. विचारलं तर म्हणतो, गाडी चालवताना रिम कोण बघतं! मी बघतो. रोज बघतो. म्हणून मागचा ट्यूबलेस टायर आता घरीच बदलणार. नवा आणून ठेवलाय. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, बारा-बारा मजल्यांच्या पोकळीत लोंबकळलोय. एक टायर तो काय!

५ मार्च

आहे, बरंच काही आहे!

हवा सगळी काढली तरी जुन्या टायरची कड रिमला डिंकाने चिकटवल्यासारखी. वर उभा राहिलो. उड्या मारल्या. शेवटी सुतारकामाचा शिकंजा लावून आवळला, तेव्हा कुठे सुटली. डाव्या अंगठ्याचं सालटं गेलं.

आणि सगळा वेळ भिंतीपलीकडे धाकट्या भावाचा कॉम्प्रेसर घुरघुरत होता. कपाटांना स्प्रेने रंग मारायचा धंदा आहे त्याचा. अंगणाच्या मधोमध ही भिंत आम्ही आई गेली त्या वर्षी घातली. चार वर्षं झाली. मी परगावी कामावर होतो. निरोप मिळताच मिळेल त्या गाडीने निघालो, पोहोचलो तर अग्नी देऊन सगळं उरकलेलं. सहा तास थांबला नाही तो माझ्यासाठी. तेव्हापासून एक शब्द नाही. पुढेही नाही.

६ मार्च

नवा टायर चढवला. रिमला ओरखडा नको म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीचे तुकडे टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्यांखाली घातले. एका बाजूची कड आत ढकलावी तर दुसऱ्या बाजूची हसत बाहेर. ही साबणाचं पाणी ओतत होती. म्हणाली, तुमच्या दोघांत जास्त हट्टी कोण, तेच कळत नाही. मी म्हटलं, टायर. ती म्हणाली, मी टायरबद्दल बोलतच नाहीये.

७ मार्च

टायरवरचा, फिरायची दिशा दाखवणारा बाण उलटा बसलाय. टायर परत काढला, परत चढवला. आज कुणाशीही बोलायचं नाही.

८ मार्च

टायर रिमवर आहे, पण हवा धरत नाही. कडा रिमला टेकतच नाहीत. पायपंप मारतोय आणि हवा चाळणीतून पाणी जावं तशी फुस्स करून बाहेर. टायर उन्हात तापवला. माल बांधायचा पट्टा भोवती करकचून आवळला. मग शंभर वेळा पंप. मग अजून शंभर. गुडघा बोंबलतोय. कामावर चार दिवस बसने जातोय, तिथले सगळे विचारतात, गाडी झाली का? चेष्टाच ती.

ही म्हणाली, अहो, भिंतीपलीकडे हवा ढिगाने पडलीय, नुसतं मागा.

चालत जाईन कामावर. त्याची हवा नको मला.

९ मार्च, शनिवार

दुपारी पंप मारत होतो. पलीकडचा कॉम्प्रेसर भरून थांबला. आणि भिंतीवरून एक काळी नळी खाली सरकत आली, टोकाला हवेची बंदूक. माझ्या खांद्याशी येऊन थांबली. मी हात लावला नाही.

पलीकडून आवाज आला. "व्हॉल्वमधली पिन काढ आधी, दादा. पिन असली की हवा जोरात जात नाही."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही मला शिकवणारं! आणि वर ते बरोबरही. पिन काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कानशिलं तापली. गुपचूप पिन काढली, बंदूक लावली, दाबली.

फट्! मग दुसरी बाजू, फट्! दोन्ही कडा जागेवर. काठाची रेघ सगळीकडून सारखी. इतका सुरेख बसला की क्षणभर हसूच आलं. मग आठवलं, हवा कुणाची.

तो विटा रचून वर उभा राहिला असावा. भिंतीवर फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. केस पार पिकलेत.

"बसला?"

"बसला."

"दादा, जरा बोलायचं होतं."

"काम झालंय," मी म्हणालो. "नळी ओढून घे."

मग नळी हळूहळू वर गेली.

ही दारातून बघत होती. जेवताना ताट माझ्यापुढे आदळलं. आदळू दे.

१० मार्च

चाळीस किलोमीटर फिरवून आणली. हवा जशीच्या तशी. उपकारबिपकार काही नाहीत. हवा काय कुणाच्या बापाची असते! आणि असली तरी बाप एकच होता.

१२ मार्च, मंगळवार

कामावरून आलो. पलीकडे कुलूप. सकाळी ट्रक येऊन सगळं सामान गेलं. त्याची बाजू त्याने महिन्यापूर्वीच विकली होती. हिला माहीत होतं. म्हणाली, "भाऊजींनी बजावलं होतं, दादाला मीच सांगणार. म्हणून गप्प बसले."

कुठे गेला, विचारलं. म्हणाली, तेही तुम्ही त्यांनाच विचारावं असं सांगून गेलेत.

नंबर पाठ आहे. अजून लावलेला नाही.